डाव्या हाताचा माऊस

रुपाचं खातं गेलं हे तातेरावला सोमवारी सकाळी कळलं. त्याची बायको रुपा स्वतः जाऊन पावसाळा उलटला होता. ती नांदेडच्या दवाखान्यात काविळीनं गेली तेव्हा तातेराव उशालाच बसलेला होता, त्यामुळं ती बातमी त्याला कुणी सांगावी लागली नाही. ही बातमी मात्र त्याला मशीननं दिली, आणि तीही काही न बोलता.

वसमतच्या मोंढ्याकडं, म्हणजे धान्यबाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं छपाईचं दुकान होतं. तातेराव रोज सकाळी शटर वर करायचा, झाडू मारायचा, उदबत्ती लावायचा आणि कंप्युटरचं बटण दाबायचा. पडदा उजळला की त्यावर दोन नावं शेजारी शेजारी यायची. एक 'रुपा', एक 'दुकान'. रुपाच्या नावावर सूर्यफुलाचं चित्र होतं. ते तिनं निवडलेलं नव्हतं, मशीननंच दिलेलं होतं आणि तिनं कधी बदललं नाही. "फुलाला काय दानापानी लागतंय," म्हणायची. त्या सोमवारी पडदा उजळला आणि मशीन काही न विचारता सरळ 'दुकान'मध्ये शिरलं. विचारणार तरी काय? एकच नाव उरलं होतं.

तातेरावनं मशीन बंद करून परत लावलं. मग वायर उपटून परत खोचली. न शिकलेल्या माणसाकडं जेवढे उपाय असतात तेवढे सगळे करून झाले. मग तो खुर्चीत बसून राहिला.

दुकानात कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. रुपा कंप्युटरवर, तातेराव कटरवर. लग्नपत्रिका, हळदीच्या पाकिटांची लेबलं, शाळांची प्रमाणपत्रं, किराणावाल्यांची कॅलेंडरं, सगळं ती जुळवायची. हा छापायचा, कापायचा, घड्या घालायचा. मशीनमध्ये तिनं दोन खाती करून ठेवली होती. 'रुपा' हे तिचं. त्यात तिचे फॉन्ट, तिच्या चौकटी, आजवर केलेलं सगळं काम. 'दुकान' हे तातेरावसाठी, म्हणजे त्यानं काही बिघडवलं तर तेवढंच बिघडावं. तातेरावला त्यात अपमान वाटला नाही. तो स्वतःला ओळखून होता.

कंप्युटरातली एकच गोष्ट तिनं त्याला नीट शिकवली होती. प्रिंटर अडला की कंट्रोल पॅनल उघडायचं, प्रिंटरच्या चित्रावर दाबायचं, रांगेत तटून बसलेलं काम रद्द करायचं, आणि गुपचूप बाहेर यायचं. बाकीच्या चित्रांना हात लावायचा नाही. कंट्रोल पॅनल म्हणजे पहिलीच्या लेकरांच्या अंकलिपीत असतात तशी चित्रं भरलेली एक खिडकी. एक घड्याळ, एक प्रिंटर, एक माऊस, दोन माणसांची डोकी. प्रिंटर जोडायचा तरी चित्रावर दाबायचं, आणि माणूस पुसायचा तरी चित्रावरच दाबायचं. दोन्हीला मेहनत सारखीच. "हितं सगळंच करता येतंय," रुपा म्हणायची, "म्हनून हितं काई करायचं नसतं."

पण तिनं स्वतः तिथं एक गोष्ट केली होती. रुपा डावखुरी होती. नवीन लग्न होऊन आली तेव्हा तातेरावच्या थोरल्या बहिणीनं, मंजुळाबाईनं, तिला पहिल्याच पंगतीत धरलं. डाव्या हातानं वाढते, डाव्या हातानं देवाला हळदकुंकू वाहते, कुठल्या घरची रीत म्हणायची ही. तेव्हापासून रुपा घरात उजव्या हातानं वागायची. उजव्या हातानं वाढायची, उजव्या हातानं लाटायची आणि तिच्या पोळ्या कधी गोल झाल्या नाहीत. दुकान काढलं, कंप्युटर आला, तेव्हा तिनं कंट्रोल पॅनलमध्ये माऊसच्या चित्रावर दाबून दोन्ही बटणांची अदलाबदल करून घेतली आणि माऊस कीबोर्डाच्या डाव्या बाजूला ठेवला. ते टेबल सोडून डावा हात वापरायला तिला जगात दुसरी जागा नव्हती. मंजुळाबाई एकदा दुकानात आली आणि हे बघून म्हणाली, "लगीनपत्रिका आन् डाव्या हातानं? मंग सोयरिकी मोडनार न्हाईत तर काय." रुपानं पत्रिका संपवली, डाव्या हातानंच.

ती गेल्यावर मंजुळाबाई सिद्धेश्वरहून आली ती राहिलीच. तेराव्याच्या आत तिनं घर मोकळं केलं. रुपाची गादी दिली, साड्या वाटल्या, चपला गल्लीच्या तोंडाशी नेऊन ठेवल्या. गेलेल्या माणसाचं घरात ठेवायचं नसतं, ही तिची रीत. ही रीत तिला कुणी शिकवली हे विचारायची सोय नव्हती. रीत म्हटलं की विचारणं संपतं, म्हणून तर लोक रीत म्हणतात. तातेराव तेव्हा नुसता भिंतीला टेकून बसलेला होता, त्याला कुणी काही विचारलं नाही आणि त्यानंही कुणाला अडवलं नाही. मशीनच्या आत रुपाचं एक घर आहे हे मंजुळाबाईला ठाऊक नव्हतं, म्हणून तेवढं वाचलं.

आणि तातेराव रोज सकाळी तिथं जायचा. सूर्यफुलावर दाबायचा, डावा हात माऊसवर ठेवायचा. त्याचा डावा हात म्हणजे लाकूड. बाण पडद्यावर नांगराला न सरावलेल्या गोऱ्ह्यासारखा भलतीकडंच जायचा. तरी तो त्याच हातानं तिचे जुने कागद उघडायचा, बघायचा, बंद करायचा. काही करायचा नाही. मग बाहेर येऊन 'दुकान' उघडून कामाला लागायचा. बायको गेलेल्या माणसानं सकाळी काय करावं याची काही रीत मंजुळाबाईकडं नव्हती, म्हणून ह्यालाही तिनं आडकाठी केली नाही.

दुसरा आला बालाजी. हा रुपाचा धाकटा भाऊ, पुसेगावचा. दाजींना मदत म्हणून आला आणि दुकानामागच्या खोलीत मुक्काम ठोकला. त्यानं हिंगोलीत कंप्युटरचा कोर्स केलेला होता. त्याचं प्रमाणपत्र त्यानं रुपाकडूनच लॅमिनेट करून घेतलं होतं. रुपा म्हणायची, "माझा भाऊ कंप्युटर शिकला, म्हंजी कुठलं बटन दाबल्यावर सुरू होतंय त्ये शिकला." बालाजी तिच्या खात्यात शिरला की पाचव्या मिनिटाला शिव्या द्यायला लागायचा, कारण दाबावं एक आणि उघडावं दुसरंच. माऊस सरळ करून घेतो म्हणाला तर तातेराव नको म्हणाला. काहून नको ते सांगितलं नाही. बालाजीला कारण न सांगता नको म्हटलं की तो त्याला अडाणीपणा समजायचा. कारण सांगितलं असतं तरी त्यानं तेच समजलं असतं.

तर त्या सोमवारी बालाजी दात घासत दुकानात आला.

"बालाजी, रुपाचं नाव कुठं गेलं?"

"काढलं की, दाजी." अंगण झाडून टाकलं असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. "काल तुमी कार्डं द्यायला औंढ्याला गेल्ते ना, तवा. मंजुळाआक्का म्हनल्या, काढ. कंट्रोल पॅनल, युजर अकाउंट, डिलीट. सोपं हाय ते."

"आन् आतलं?"

"आतलं म्हंजी?"

"तिच्या फाइली."

बालाजी चूळ भरायला बाहेर गेला. जरा जास्तच वेळ भरली. परत आला तोवर मंजुळाबाई चहाची किटली घेऊन आली होती, तर त्यानं उत्तर तिच्याकडं सरकवलं. "त्यानं इच्यारलं व्हतं तसं. फाइली ठेवायच्या का पुसायच्या. दोन बटनं येत्यात. मी मनानं न्हाई केलं काई. आक्काला इच्यारलं."

"मला इच्यारलं त्यानं," मंजुळाबाई म्हणाली. "मी म्हनलं, गेलेल्या मानसाचं काई ठेवत न्हाईत. काहून? काय चुकलं?"

माणूस पुसताना मशीन एकदा थांबून विचारतं. निर्जीव वस्तू, पण तेवढी लाज तिला होती. त्या घटकेला मशीनसमोर हिंगोलीचं प्रमाणपत्र बसलेलं होतं आणि त्या प्रमाणपत्रानं मान वळवून विचारलं कुणाला, तर जिला शटरचं कुलूप उघडायला येत नाही तिला.

"नाव तरी काहून काढायचं होतं, आक्का?"

"मंग काय ठेवायचं? लग्नाच्या घरचं गिऱ्हाईक येतंय, कुकवाचा कागद करायला. समोर मेलेल्या बाईचं नाव. कालच तांड्यावरचा त्यो धर्मसिंग आल्ता पोरीच्या पत्रिकेला. पडद्याकडं बघून म्हनला, रुपाताईचं नाव हाय की अजून. आता ह्याचा अर्थ काय समजायचा मानसानं?"

"काय समजली तू?"

"अपशकुन वाटला त्याला."

"त्यो बोलला तसं?"

"बोलंल कशाला? शाना मानूस हाय त्यो. डोळ्याला पानी आलं त्याच्या, एवढं न्हाई कळत मला?"

तातेरावनं चहा घेतला नाही. किटली कटरवर ठेवू नको, एवढंच म्हणाला.

मग बालाजी शिकवायला लागला. फाइली कुठं तरी असतात, एकदम जात नाहीत, कचऱ्याच्या डब्यात बघू. डब्यात बघितलं. डबा रिकामा होता. पेनड्राइव्हवर कॉपी असंल. पेनड्राइव्ह रुपानं कितीतरी आणले होते, पण लोक त्यात आपलं काम टाकून न्यायला यायचे आणि पेनड्राइव्हच घेऊन जायचे. नंतर परत मागायला गेलं की म्हणायचे, ताई, आमी तर दिला होता. ड्रॉवरमध्ये एक सापडला. त्यात पोळ्याच्या शुभेच्छांची बैलजोडी होती आणि दुसरं काही नव्हतं.

एवढ्यात चाँद पाशा आला. त्याचं दोन दुकानं सोडून कागद आणि वह्यांचं दुकान. दुकानाला लागणारा सगळा कागद त्याच्याकडून यायचा आणि त्याच्या घरचं सगळं छापकाम इथं व्हायचं. धाकट्या मुलीचं, समरीनचं, लग्न ठरलं होतं.

"तातेराव भाई, समरीनचं कार्ड काढायला घ्या. काही नवीन करायचं न्हाई. अजराच्या लग्नाचं होतं बराबर तसंच. फक्त पोरीचं नाव बदला, आन् नवरदेवाचं."

मंजुळाबाईनं किटली उचलून घेतली. चाँद पाशानं तिघांकडं बघितलं. "काय झालं? कुनी गेलं का?"

"रुपा गेली," तातेराव म्हणाला.

"ते तर… ते मालूम आहे, भाई."

"परत गेली. कालच्याला."

मग बालाजीनं खुलासा केला. त्यात 'डिलीट' हा शब्द आला तेव्हा चाँद पाशा स्टुलावर बसला.

अजराच्या कार्डाची गोष्ट त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होती. चाँद पाशाचा थोरला भाऊ परभणीला आणि मेव्हणा नांदेडला. निमंत्रकांमध्ये आधी नाव कुणाचं, यावरून दोघांनी लग्नाला येणार नाही असं कळवलं होतं. भाऊ म्हणे मी खानदानातला मोठा. मेव्हणा म्हणे पोरगी माझ्या मांडीवर वाढली. चाँद पाशा दुकानात येऊन डोकं धरून बसायचा. शेवटी रुपानं सगळी नावं फुलाच्या पाकळ्यांसारखी गोल बसवली, मधे पोरीचं नाव. गोलात पहिलं कुणी नसतं. दोघांनीही ते कार्ड बघितलं, दोघांनाही आपणच वर आहोत असं वाटलं, आणि दोघंही आले. ताटात दोनदोनदा बिर्याणी वाढून घेतली.

"आता मी काय करू?" चाँद पाशा म्हणाला. "ते दोघं आत्तापासून फोन करून ऱ्हायले. मी बोललो, काही तकलीफ न्हाई, रुपाबेहननं बनवलेलं तय्यार आहे. जबान देऊन बसलो मी."

"थांबा चाचा, असे हातपाय गाळू नका," बालाजी म्हणाला. त्याला काहीतरी आठवलं होतं. कोर्समधलं काही आठवलं की त्याचा चेहरा उजळायचा, आणि ते क्वचित घडायचं म्हणून लक्षात यायचं. "रिस्टोअर. कंट्रोल पॅनलमधीच हाय. मशीनला मागच्या तारखेला नेता येतंय. आपुन त्याला शनवारात नेऊ. शनवारी ताई हुती का न्हाई? हुती. झालं मंग."

"म्हंजी काय, वेळ मागं फिरवतूस?" मंजुळाबाईनं विचारलं.

"मशीनपुरता, आक्का."

तातेराव खुर्चीवरून उठला आणि जागा करून दिली. खरं तर त्यानं तेवढंही करायला नको होतं. ज्या माणसानं काल एका चित्रावर दाबून घर पाडलं, त्याला आज दुसऱ्या चित्रावर दाबून ते बांधून दे म्हणायचं, म्हणजे कमाल होती. पण नांदेडला डॉक्टर म्हणाले होते, उद्याच्या रिपोर्टमध्ये बघू, तेव्हाही तो असाच उठून उभा राहिला होता.

बालाजीनं खिडकी उघडली. चित्रावर दाबलं, आतल्या चित्रावर दाबलं, तारीख निवडली. मशीननं विचारलं, नक्की? बालाजीनं या खेपेला कुणाला विचारलं नाही. पडदा काळा झाला. मग निळा झाला आणि त्यावर ठिपके गोल गोल फिरायला लागले.

वेळ लागला. चाँद पाशा आपल्या दुकानात एक गिऱ्हाईक करून परत आला. मंजुळाबाईनं वाती वळायला घेतल्या. बालाजी मधेमधे "व्हतंय, व्हतंय" म्हणत होता, जसा काही तोच आत बसून ओढत होता. तातेराव कटरपाशी उभा राहून कागदाचा एक गठ्ठा नुसताच सारखा करत होता. गठ्ठा आधीच सारखा होता.

मशीन बंद होऊन परत सुरू झालं. पडदा उजळला. दोन नावं आली, 'रुपा' आणि 'दुकान', आणि वर सूर्यफूल.

"आली बघा," बालाजी म्हणाला.

मंजुळाबाईच्या हातातली वात गळून पडली. "आरं मेल्या, गेलेलं मानूस कुनी परत बोलावतंय व्हय," असं म्हणत तिनं पदर डोक्यावर ओढला आणि ती दाराकडं सरकली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिला रीत सापडेना. गेलेल्याचं काय करायचं हे तिला पाठ होतं, परत आलेल्याचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"बसा दाजी, तुमीच बसा," बालाजी मोठ्या मनानं म्हणाला.

तातेराव बसला. त्यानं माऊस उचलून कीबोर्डाच्या डाव्या बाजूला ठेवला. रविवारी कुणीतरी तो उजवीकडं नेला होता. सूर्यफुलावर नेऊन दाबलं. मशीननं 'स्वागत आहे' म्हटलं आणि मग तयारी चालू आहे असं काहीतरी म्हटलं. याआधी ते असं कधी म्हणत नव्हतं. तिच्या घराला कसली तयारी लागत नव्हती.

मग आतलं दिसलं. नुसता निळा पडदा. कोपऱ्यात कचऱ्याचा डबा, बाकी काही नाही. पत्रिकांचे कप्पे नाहीत, लेबलांचे नाहीत, तिनं डोळ्यांसाठी मोठी करून घेतलेली अक्षरं नाहीत. नवी खोली भाड्यानं द्यायला काढतात तशी जागा.

"लोड होत असंल," बालाजी म्हणाला.

तातेरावनं डावा हात माऊसवर ठेवला आणि तर्जनीखालचं बटण दाबलं. तिच्या माऊसला तेच मुख्य होतं. त्या बटणानं फाइल उघडायची. आता एक पट्टी खाली पडली, भलत्याच कामांची. त्यानं परत दाबलं. परत तीच पट्टी. बटणं सरळ झालेली होती. माऊस उजव्या हाताचा होता.

नाव बघून माणूस फसतो. चित्र बघूनही फसतो. पण इथं हाताला कळलं. ही रुपा नव्हती. कुणीतरी तिचं नाव लावून आत बसलं होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक चिठ्ठी वर आली. चाँद पाशानं चष्मा लावून हळूहळू वाचली आणि अर्थ सांगितला. "लिहिलंय की हे टेंपरवारी आहे. हितं जे काय कराल ते बाहेर पडताना पुसून जाईल."

"त्ये येतंच असतंय तसं," बालाजी म्हणाला.

"फाइली कुठायत?" तातेरावनं विचारलं.

"फाइली रिस्टोअरमधी येत न्हाईत वाटतं. सेटिंगा येत्यात."

"सेटिंग तरी कुठं आली? ह्यो माऊस सरळ हाय."

"माऊसचं काय घेऊन बसलात, दाजी? चौकोनात एक टिकली मारायचं काम. हे बघा, कंट्रोल पॅनल…" आणि बालाजीनं उजव्या हातानं माऊस त्याच्या हाताखालून काढून घेतला.

तातेरावनं त्याचं मनगट धरलं. कटरचा दांडा वर्षानुवर्षं ओढलेला हात होता तो, बालाजीला जरा लागलंही असेल. "बालाजी," तो म्हणाला, "तुझ्या ताईनं मला ह्या खिडकीत एक चित्र दाखवलं आन् बाकीच्यांना हात लावू नको म्हनली. तुला हिंगोलीत समदी चित्रं दाखवली आन् हात कवा लावायचा न्हाई एवढं सांगायचं ऱ्हायलं. उठ तिथनं. दुपारची गाडी हाय पुसेगावाकडची."

"म्हंजी मी जाऊ?"

"व्हय."

"मदत कराय आल्तो मी, दाजी."

"दिसलं ते."

बालाजी गेला. जाताना प्रमाणपत्र भिंतीवरून काढून घेऊन गेला; ते त्यानं कधी टांगलं होतं हेही तातेरावच्या ध्यानात नव्हतं. मंजुळाबाई गेली नाही, पण त्या दिवसापासून तिनं दुकानात पाऊल टाकणं सोडलं. चहा दारातून आत सरकवायची आणि पडद्याकडं पाठ करून उभी राहायची.

चाँद पाशाचा मुलगा फरदीन मोबाइलचं दुकान चालवतो. त्यानं येऊन मशीन बघितलं आणि तोंड वाकडं केलं. पुसल्यावर लगेच बंद ठेवलं असतं तर काही निघालं असतं, म्हणाला. पण रविवारी पुसून झाल्यावर बालाजीनं लोकांच्या मोबाइलात सिनेमे भरून द्यायचं नवं काम सुरू करायचं म्हणून रात्रभर मशीनमध्ये सिनेमे आणि गाणी भरली होती. रुपाच्या पत्रिका जिथं होत्या तिथं आता मारामारीचे सिनेमे होते. पुसलेलं काढून देणारा एक माणूस नांदेडला आहे, त्याला दाखवा, पण आशा धरू नका, असं सांगून फरदीन गेला. तातेराव नांदेडला गेला नाही. नांदेडहून एकदा तो रिकाम्या हातानं परत आला होता.

राहिलं समरीनचं कार्ड. चाँद पाशानं घरातलं अजराचं जुनं कार्ड शोधून आणलं. त्यावर तेलाचा डाग पडला होता आणि एका पाकळीचा कोपरा कुणीतरी दात कोरायला फाडला होता. अक्षरं गोल कशी फिरवायची हे तातेरावला येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. त्यानं 'दुकान'मध्ये बसून एका बोटानं सगळी नावं टाइप केली, सरळ ओळीत छापली. मग कटरखाली त्यांच्या पट्ट्या कापल्या, कात्रीनं बारीक चिरा देऊन वाकवल्या आणि ताटाएवढ्या कागदावर हातानं गोल चिकटवल्या. तो कागद प्रिंटरच्या काचेवर ठेवून मशीनमध्ये घेतला. रुपानं बघितलं असतं तर म्हणाली असती, हे फूल न्हाई, हे गाडीचं चाक झालं. चाकच होतं, आणि एक आरा वाकडाही होता. वाकड्या जागी नेमका नांदेडचा मेव्हणा आला.

"चालंल का?" तातेरावनं विचारलं.

चाँद पाशानं कार्ड लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. "त्यो तसाच आहे," म्हणाला. "वाकडा. छापा."

कार्डं छापली, वाटली गेली. परभणी-नांदेडच्या दोघांपैकी कुणाचाही तक्रारीचा फोन आला नाही.

धर्मसिंगही पत्रिका न्यायला आला. तातेरावनं त्याला विचारलं, रविवारी पडद्यावरचं नाव बघून काय वाटलं होतं. धर्मसिंग म्हणाला, "ताईनं माझ्या लग्नाची पन पत्रिका केल्ती. पोरीची पन तिच्याच नावाखाली व्हईल वाटलं." तातेरावनं ते घरी जाऊन मंजुळाबाईला शब्दाला शब्द सांगितलं. ती म्हणाली, "तोंडावर तसंच बोलत्यात लोकं."

आता रोज सकाळी पडदा उजळतो आणि दोन नावं येतात. तातेराव सूर्यफुलावर दाबतो. तयारी चालू आहे म्हणून मशीन त्याला थांबवून ठेवतं, मग रिकामी निळी खोली उघडतं आणि कोपऱ्यातली चिठ्ठी दाखवतं. तो कंट्रोल पॅनल उघडतो, माऊसच्या चित्रावर दाबतो आणि डाव्या हाताची टिकली करतो. आत तिची एकच गोष्ट, तीही त्यानं ठेवलेली. थोडा वेळ बाण इकडून तिकडं फिरवतो. डावा हात आता पहिल्याएवढा लाकूड राहिलेला नाही. बाहेर पडताना मशीन ती टिकली पुसून टाकतं आणि दुसऱ्या दिवशी माऊस परत सरळ असतो. मशीनला याचा कंटाळा येत नाही. तातेरावलाही अजून आलेला नाही.

मंजुळाबाई दारातून विचारते, "त्ये नाव काढलं का रे, तात्या?" तो म्हणतो, काढतो. पुसेगावहून बालाजीचा फोन येतो, दाजी, ते खातं खराब झालंय, नुसतं ठेवून उपेग न्हाई, दोन डोक्यांच्या चित्रावर दाबा, डिलीट करा, आता फाइलींचं बी विचारनार न्हाई. तो म्हणतो, बरं. रस्ता त्याला माहीत झाला आहे, कुणाला विचारायला नको. आत ठेवण्यासारखं काही नाही हेही माहीत आहे.

खातं पुसायचं अजून राहिलं आहे.